धुरपदाईचा दोरा

फार वर्षांपूर्वी, घाटातून अजून गाडीवाट निघाली नव्हती तेव्हा, आंबदऱ्यात धुरपदा नावाची एक बाई राहायची. तिच्या हातात सुई होती आणि जिभेवर विस्तव होता. गावाला दोन्हींची ओळख चांगली होती, पण आता आठवण काढतात ती सुईचीच. मेलेल्या माणसाची जीभ लोकांना सोसत नाही.

आंबदरा म्हणजे डोंगराच्या खाचेत बसलेलं गाव. मार्गशीर्ष लागला की दरीतून असं वारं सुटायचं की रांजणात हात घातला तर बोटं कापल्यासारखी व्हायची. अशा गावात गोधडी म्हणजे चैन नव्हे, जीव. म्हणून तिथं एक रीत होती. कुणाच्या घरी पाळणा हलणार असला की प्रत्येक घरानं एक तुकडा द्यायचा. वीतभर लांब, वीतभर रुंद, आणि सुखाच्या दिवशी अंगावर असलेल्या कापडाचा. घरच्या बाईनं त्याखाली जुनेराचे थर घालायचे, आपल्या हातच्या टाक्यांनी तो भरायचा आणि धुरपदेकडे आणून द्यायचा. धुरपदा ते सगळे तुकडे एकमेकांना जोडायची.

अगदी शेवटी मधला एक तुकडा उरायचा. त्याला गोधडीचं पोट म्हणायचे. त्याच्याखाली भाकरीचा कुटका आणि गुळाचा खडा ठेवून मग ते शिवायचं, कारण उपाशी गोधडी ऊब देत नाही असं म्हणतात. पाचवीच्या दिवशी, सटवाई बाळाचं नशीब लिहायला येते तेव्हा, बाळाला त्या गोधडीवर निजवायचं. तिथून पुढं ते एका घराचं राहिलं नाही, गावाचं झालं. आणि ज्याच्या अंगाखाली गावाची गोधडी नाही, त्याच्याकडे सटवाई वळूनही बघत नाही, अशी त्या लोकांची पक्की समजूत होती.

धुरपदेचा जोड असा असायचा की बोट फिरवलं तरी कळू नये. तेलीणबाईचं जाडंभरडं आणि कुलकर्ण्यांकडचं तलम धोतर शेजारी शेजारी बसायचं, आणि जणू एकाच मागावर विणलंय असं वाटायचं. पण तुकडा घेऊन येणाऱ्या बाईची धडगत नसायची.

"हे काय गं, टाके घातलेस का कोंबडी नाचवलीस?" धुरपदा विचारायची, आणि त्या बाईच्या देखत तिचा तुकडा सर्रकन उसवून पुन्हा आपल्या हातानं भरायची. बायका हसायच्या. हसून घरी जायच्या आणि मनात ठेवायच्या. शेजारची ताना तेवढी तिला सांगायची, "धुरपदे, उसवायचंच तर माघारी उसवावं. तोंडावर कशाला?" ताना तिची जिवाभावाची मैत्रीण. तिची सगळी लेकरं धुरपदेनं जोडलेल्या गोधड्यांवर वाढली होती.

मग एक साल पाटलाच्या घरी सुनेचं पहिलं बाळंतपण आलं. गावभरचे तुकडे आले. सगळ्यांत शेवटी पाटलीण, गोजराबाई, स्वतः आली आणि तिनं पदराखालून एक तुकडा काढला. मोरपंखी रेशमी खण, काठाला जर. धुरपदेचा सगळा जन्म सुताडात गेलेला. एवढं मऊ कापड तिच्या बोटांना कधी लागलं नव्हतं. तिनं तो नाकाशी नेला, तर त्याला कडुलिंबाच्या पाल्याचा वास येत होता.

आता लिंबाचा पाला कुठं वापरतात हे त्या गावातल्या पोरालाही ठाऊक होतं. देवीच्या रोग्याच्या अंथरुणात. पाटलिणीची धाकटी जाऊ आदल्याच साली देवीच्या रोगानं दगावली होती. अशा माणसाचं कापड जाळायचं, ठेवायचं नाही, हीही रीतच.

"पाटलीणबाई, ह्यो खण कुनाचा?"

"माझ्या लग्नातला. तुला कशाला हव्यात चौकशा? जोडायचं काम तुझं, ते कर."

धुरपदेनं पुन्हा विचारायला हवं होतं. एरवी कुणाच्या बापाला न भिणारी बाई ती. पण तो खण तिच्या मांडीवर उन्हात असा झळकत होता की तिचं मन पाघळलं. एवढ्या सालांत एकदा तरी आपल्या हातून अशी गोधडी व्हावी की बघणाऱ्यानं बघत राहावं, हा मोह तिला आवरला नाही. तिनं लिंबाचा वास पेटीतला असेल म्हणून मनाची समजूत घातली, आणि तो खण गोधडीच्या पोटावर, मधोमध लावला. खरं बोलायचं तर चूक एकटीची नव्हती. एकीला जाळवलं नाही आणि दुसरीला परत करवलं नाही.

पाचवीला गोधडी बघायला सगळं गाव लोटलं. महिना सरायच्या आत बाळाच्या अंगावर देवी आल्या आणि ते गेलं. पाटलिणीनं त्याला त्याच गोधडीत गुंडाळून मळ्यात मातीआड केलं, आणि परत येतानाच छाती पिटून ओरडली, "धुरपदीच्या हाताला दोष हाय! तिनं जोडलं आन् माझं घर उसवलं!"

धुरपदा ऐकून घेणारी नव्हती. तिनं चावडीवर जाऊन, सगळ्या गावासमोर सांगितलं, "खण तुमच्या धाकल्या जावेचा व्हता, पाटलीणबाई. देवीत गेली तिचा. तुम्ही त्यो जाळला न्हाई."

"कुठाय त्यो खण?" पाटलानं विचारलं.

खण बाळाबरोबर मातीत गेला होता.

"मग तुला कसं ठावं?"

"लिंबाचा वास येत व्हता."

"वास येत व्हता, तर मग शिवलास का?"

 जन्मात पहिल्यांदा धुरपदा चावडीवर गप्प उभी राहिली. पाटलीणही खाली बघत होती, पण तिच्याकडे कोण बघतंय! ज्या ज्या बाईचा तुकडा धुरपदेनं कधी उसवला होता, तिला त्या दिवशी तो आठवला. गावानं तिच्या गप्प राहण्याचा आपल्याला हवा तो अर्थ लावला आणि जो तो घरी गेला.

त्यानंतर तिच्याकडे कुणी तुकडा आणला नाही. ती म्हणायची, नका आणू, तुमचे वाकडे टाके बघण्यापेक्षा बरं. म्हणायची खरी, पण दुपारच्या वेळी दारात सुई घेऊन बसायची आणि आपलाच पदर रफू करायची.

त्याच हिवाळ्यात तिची एकुलती एक लेक, राही, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. मार्गशीर्षात तिला मुलगी झाली. दूध पिऊन झालं की नात आजीचं बोट मुठीत धरून ठेवायची, आणि तेवढ्या वेळापुरता धुरपदेच्या जिभेवरचा विस्तव विझायचा. आता पाचवीच्या आत गावाचे तुकडे हवे होते. राही म्हणाली, "आई, नको जाऊस. लोक काय देत न्हाईत."

"देतील," धुरपदा म्हणाली. "माझ्यावर राग हाय. लेकरावर कशाला असंल?"

सगळं गाव तिनं पालथं घातलं. ज्या दारांत तिनं कधी मान वाकवली नव्हती, त्या दारांत पदर पसरला. "वीतभर न्हाई तर टीचभर द्या. फाटका द्या. टाकेबी मीच घालीन." तेलीण म्हणाली, आमच्यात जुनेर उरलं नाही. कुंभारीण म्हणाली, उद्या बघू. एकीनं तर आतूनच सांगितलं, "उगं आमच्या कापडाला दोष लावून ठिवशील, बाई." धुरपदेनं ते गिळलं. कधी कुणाचं अर्धं वाक्य न गिळणारी बाई, तिनं ते सगळं गिळलं आणि पुढच्या दारात गेली.

सगळ्यांत शेवटी ती तानाकडे आली. हे दार तिनं मुद्दाम शेवटी ठेवलं होतं, कारण तिथं तिला खात्री होती. तानानं तुकडा आधीच भरून ठेवला होता, आपल्या लग्नातल्या हिरव्या लुगड्याचा. पण ती उंबऱ्यावर आली तेव्हा मागं सासू उभी होती, आणि सासूमागं तिचं सगळं घर. तानानं तुकडा पाठीमागं मुठीत चुरगाळून धरला.

"न्हाई गं धुरपदे," ती म्हणाली. "काय बी न्हाई बघ आमच्याकडं."

तिच्या मागं वलणीवर जुनेरं वाळत होती. धुरपदेनं ती पाहिली. मग तानाकडे पाहिलं. आणि ती माघारी वळली. ताना म्हातारी होईपर्यंत सांगायची, की तिनं चार शिव्या घातल्या असत्या तर मी जगले असते.

घरी येऊन धुरपदेनं आपलं लुगडं फाडलं. त्याचेच तुकडे केले, त्याचेच थर घातले, त्यालाच ते जोडले. पोटात भाकर ठेवली, गूळ ठेवला. टाके नेहमीसारखे मोत्याचे. पण एकाच कापडाची गोधडी ती. तिच्यात ना कुणाचं धोतर, ना कुणाचा खण. पाचवीला बाळाला तिच्यावर निजवलं. त्या रात्री दरीतून वारं असं आलं की चुलीतला जाळ आडवा झाला. धुरपदेनं नातीला छातीशी धरलं, राहीनं दोघींना धरलं, पण सकाळी ती मूठ उघडलेली होती. थंडीनं गेली म्हणावं, तर त्याच थंडीत गावातली बाकी सगळी पोरं गोधड्यांत घाम येऊन झोपली होती.

नातीला पुरून धुरपदेनं घराची कडी लावली आणि राहीला घेऊन निघाली. वेशीबाहेर माळाच्या टोकाला एक चपटा दगड आहे, तिथं ती बसली. कमरेची, दोरा गुंडाळायची बोरूची कांडी काढली, आणि हवेतून काहीतरी चिमटीत धरून ती कांडीवर गुंडाळू लागली.

तेव्हा गावात घराघरांत गोधड्या हलल्या, असं म्हणतात. अंथरुणावरच्या, वलणीवरच्या, पाळण्यातल्या. त्यांच्यातून दोरा निघाला आणि उंबऱ्यावरून, अंगणातून, गल्लीतून मुंग्यांच्या रांगेसारखा माळाकडे धावू लागला. धुरपदेनं जन्मभर घातलेला प्रत्येक जोड उसवत होता. बायकांनी दोरा धरायला हात घातले, तर तळवे चिरले. कुणी दारं लावली, तर तो फटीतून गेला. ऊन माथ्यावर आलं तेव्हा घरोघर नुसते सुटे तुकडे पडले होते. तेलिणीचा वेगळा, कुंभारणीचा वेगळा. ज्याच्या त्याच्या हातचे टाके जिथल्या तिथं होते, वाकडे होते तेही. गेला होता तो फक्त एकाला दुसऱ्याशी धरून ठेवणारा दोरा.

ताना आपला हिरवा तुकडा घेऊन धावत सुटली. सासू ओरडत होती, तिनं ऐकलं नाही. पण ती दगडापाशी पोचली तेव्हा दोघी मायलेकी घाट चढून गेल्या होत्या. धुरपदेच्या काखेत भोपळ्याएवढा गुंडा दिसला म्हणे. तानानं हाका मारल्या. वरून कुणी वळलं नाही. मग तानानं तो तुकडा दगडावर ठेवला, वाऱ्यानं उडू नये म्हणून त्यावर खडा ठेवला आणि तिथंच बसून रडली.

त्या सालचा हिवाळा आंबदऱ्यानं कसा काढला ते विचारू नये. बायकांनी तुकडे जोडून पाहिले, पण गाठ मारावी आणि ती सुटावी. गोजराबाई पाटलीण त्यानंतर कधी उबेत आली नाही. वैशाखातल्या उन्हात ती अंगावर घोंगड्यांची रास घेऊन शेकोटी मागायची, असं म्हणतात. शेवटी तिनं खणाचं खरं काय ते सांगितलं. सगळ्या गावानं ते ऐकलं. जिनं ऐकायचं ती घाटापलीकडे कुठं होती कुणास ठाऊक.

तेव्हापासून चंपाषष्ठीच्या दुसऱ्या दिवशी, ती गाव सोडून गेली त्या तिथीला, आंबदऱ्यात प्रत्येक घरातून एक तुकडा धुरपदाईच्या दगडावर जातो. जिवंतपणी जिला धुरपदी म्हणत होते, तिची आता धुरपदाई झाली आहे. तुकडा वीतभर, सुखाच्या दिवसाचा. उत्तमातला उत्तम देतात. पैठणीचे पदर देतात, दुकानातून नवे खण आणून देतात. वर खडा ठेवतात, हळदकुंकू वाहतात. ते तुकडे कुणी जोडत नाही आणि कुणी उचलत नाही. उन्हापावसात त्यांचा चोथा होतो. आता गावात गोधड्या मशीनवर शिवून येतात, पण त्यांचाही एक कोपरा उसवून ठेवतात, धुरपदाई कधी आली तर तिला दोरा घालायला जागा असावी म्हणून.

मध्यंतरी एका साली त्या माळावर ऊसतोडीची टोळी उतरली होती. त्यातल्या एका बाईला पालातच मूल झालं. दगडाकडे जाणारी वाट त्या पालाच्या तोंडावरून जाते. बायका हातात ताटं आणि ताटांत तुकडे घेऊन, गाणी म्हणत तिथून गेल्या आणि तिथूनच परत आल्या. मूल पाचटावर होतं, ते सगळ्यांनी पाहिलं.

दुसऱ्या दिवशी दगड रिकामा. तुकडे पालात सापडले, सुतळीच्या मोठमोठ्या टाक्यांनी जोडलेले, आणि त्यावर ते मूल झोपलेलं. धुरपदाईचा मान चोरला म्हणून गावात केवढा गहजब झाला! बायका गेल्या. मुलाला बाजूला करून त्यांनी ती गोधडी ओढून घेतली, टाके उसवले, तुकडे गोमूत्रानं धुतले आणि पुन्हा दगडावर मांडून त्यावर खडे ठेवले. ती बाई भांडली नाही. मुलाला पदरात घेऊन तिनं एवढंच विचारलं, "दगडाला लई थंडी वाजती व्हय, बाई?"

 त्याच आठवड्यात टोळी पुढच्या गावाला निघून गेली, आणि त्या मुलाचं पुढं काय झालं ते आंबदऱ्यात कुणी विचारलं नाही.

हे असं म्हणतात, असं नव्हे. हे झालेलं आहे. ज्यांनी टाके उसवले त्या बायका आजही गावात आहेत. यंदाही त्या चंपाषष्ठीच्या दुसऱ्या दिवशी दगडावर गेल्या होत्या, आणि एकाही घराचा तुकडा चुकला नाही.