आगीचं बारसं

एकदा काय झालं, समुद्राच्या काठी एक मिठाचं गाव होतं. गावाभोवती सगळी मिठागरं. उन्हात मीठ असं चमकायचं की कावळासुद्धा डोळे मिटून उडायचा.

या गावाची एक गंमत होती, बरं का. आपल्याकडं मूल जन्मलं की बाराव्या दिवशी बारसं. तिथं तसं नव्हतं. मूल मोठं व्हायचं, बोलायला लागायचं, प्रश्न विचारायला लागायचं. आणि एक दिवस ते असा प्रश्न विचारायचं की गावात कुणालाच उत्तर यायचं नाही. मग त्याचं बारसं. तोवर सगळ्यांना नुसतं ‘ए पोरा’ आणि ‘अगं पोरी’.

त्या गावात एक बहीण-भाऊ होते. भावाला लवकर नाव मिळालं. त्याचं नाव झिपरू. बहीण मात्र अजून ‘अगं पोरी’च होती. प्रश्न ती ढीगभर विचारायची, पण कुणाला ना कुणाला उत्तर यायचंच. तिची आई म्हणायची, “नाव मी कधीचं ठरवून ठेवलंय. उजळा. प्रश्न तेवढा तू आण.” मग पोरगी ते नाव मनातल्या मनात घालून बघायची, सणाचं नवं परकर-पोलकं घालून बघावं तसं. उजळा. उजळा. आवडायचं तिला.

मग एक दिवस झिपरू मीठ विकायला राजाच्या नगरात गेला, आणि परत आलाच नाही.

आई रडली. शेजारी म्हणाले, “राजाच्या माणसांनी धरला असेल. डाग दिला असेल.”

“डाग म्हणजे काय?” पोरीनं विचारलं.

“खांद्यावर तापलेलं लोखंड टेकवतात. मग माणूस राजाचा दास होतो.”

“पण तो पळून का येत नाही?”

शेजारी म्हणाले, “त्याला घरच आठवत नाही म्हणे.”

मग पोरीनं फडक्यात भाकरी बांधली आणि निघाली. भाऊ आणायचा, एवढंच तिच्या डोक्यात.

यमे, पाय गोधडीत घे. गारठा आहे.

तर पोरगी नगरात पोचली. बघते तर काय! रस्ते झाडणारे, पाणी भरणारे, पालख्या वाहणारे, सगळ्यांच्या उजव्या खांद्यावर एक गोल डाग. कुणी कुणाला हाक मारत नव्हतं. काम असलं की मालक टाळी वाजवायचा. एक टाळी म्हणजे पाणी, दोन म्हणजे पंखा. माणसं होती, पण नावं नव्हती. असलं नगर तिनं कधी पाहिलं नव्हतं.

विहिरीवर तिला भाऊ दिसला. घागर खांद्यावर, नेमकी डागावरच.

ती ओरडली, “झिपरूदादा!”

तो थांबलासुद्धा नाही. ती धावत पुढं गेली. “दादा, अरे मी! पोरगी!”

तो म्हणाला, “कोण दादा? बाई, वाट सोडा. पाणी सांडतंय.”

पोरीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. तेवढ्यात शिपाई आले. “दासाला नावानं हाक मारतेस? धरा हिला! हिलाच डाग द्या!”

मग तिला राजवाड्याच्या चौकात नेलं. मधे मोठी लोखंडी शेगडी, चहूकडून साखळ्यांनी बांधलेली. आत आग. शेजारी डाग देणारा उभा. त्याच्या हातात लांब दांडीचं लोखंड, टोकाला गोल कडं. समोर सिंहासनावर राजा.

आता डाग द्यायच्या आधी तीन रिती असायच्या, बरं का.

पहिली रीत हळदीची. एक म्हातारी दासी आली आणि पोरीच्या खांद्याला हळद-तेल लावू लागली.

पोरगी म्हणाली, “आजी, हळद तर लग्नात लावतात ना? इथं का?”

“पहिल्यापासून असंच आहे, बाई,” म्हातारी हळूच म्हणाली. तिचा हात मऊ होता.

दुसरी रीत मिठाची. पोरीच्या जिभेवर चिमूटभर मीठ ठेवलं. सगळे ओरडले, “आजपासून तू राजाचं मीठ खाल्लंस!”

पोरीनं चाखून बघितलं. “हे? हे तर आमच्या मिठागरातलं आहे! हे मी स्वतः ओढलंय. म्हणजे महाराजच आमचं मीठ खातात की!”

कुणीतरी हसलं. राजानं वळून बघितलं. हसणारा लगेच खोकायला लागला.

मग तिसरी रीत, सगळ्यांत मोठी. ज्याला डाग द्यायचा त्यानं आगीकडं तोंड करून आपलं नाव सांगायचं. आग ते नाव गिळायची. नाव गिळलं की लोखंड लालभडक तापायचं. आणि नाव गेलं की घर, आई, गाव, सगळं त्याच्या मागोमाग जायचं.

“सांग नाव!” डाग देणारा म्हणाला.

“मला नाव नाही.”

“सांग म्हणतो ना!”

“अहो काका, खरंच नाही. माझं बारसंच झालेलं नाही.”

डाग देणाऱ्यानं लोखंड आगीत घातलं. बाहेर काढलं. बोट लावून बघितलं. थंडगार! पुन्हा घातलं. पुन्हा थंड. आग नुसती भुकेनं जिभा काढत होती.

राजा म्हणाला, “मग काहीही नाव ठेवा हिचं. ठकी म्हणा. चिमी म्हणा.”

डाग देणारा घाबरत म्हणाला, “महाराज, आगीला तसलं चालत नाही. रीतसर बारशाचं नाव लागतं.”

राजाची रीत मोडली तर मोठी नामुष्की. तो तडक उठला आणि काय म्हणाला माहीत आहे? “मग करा हिचं बारसं! आत्ताच्या आत्ता!”

झाली की पळापळ! पाळणा आणला. झेंडू बांधले. मुदपाकखान्यात हरभऱ्याच्या घुगऱ्या शिजायला टाकल्या. पोरगी सगळं टकाटका बघत होती. मग म्हणाली, “महाराज, आमच्या गावात आधी प्रश्न विचारावा लागतो. ज्याचं उत्तर कुणालाच येत नाही असा.”

“मग विचार की पटकन!” राजा म्हणाला. “घुगऱ्या गार होतील.”

पोरीनं विचारलं, “डाग गोलच का?”

राजा म्हणाला, “कारण माझी अंगठी गोल. हे काय, सोपं आहे.”

पोरीनं विचारलं, “सगळ्यांच्या खांद्यावर डाग, मग तुमच्या खांद्यावर का नाही?”

“कारण मी राजा! पुढचा विचार.”

पोरीनं डोकं खाजवलं. आता काय विचारावं? तिनं आगीकडं बघितलं. शेगडीला साखळ्या होत्या. आग एका कडेला जायची आणि परत यायची, दावं लावलेल्या गाईसारखी. पोरीला सहज वाटलं म्हणून तिनं विचारलं,

“या आगीचं नाव काय?”

राजानं प्रधानाकडं बघितलं. प्रधानानं डाग देणाऱ्याकडं बघितलं. त्यानं म्हातारीकडं. म्हातारीनं मान हलवली. कुणालाच माहीत नव्हतं. कुणी कधी विचारलंच नव्हतं.

आणि मग आगच बोलली. ओल्या लाकडासारखी फसफसत बोलली. “पूर्वी होतं एक. मी डोंगरावर राहायची. मला साखळीनं बांधून इथं आणलं, तेव्हा ते गेलं. म्हणून मी सगळ्यांची नावं गिळून बघते. यातलं एखादं माझं असेल. पण एकही माझं निघत नाही गं.”

पहिली दासी म्हणजे ती आगच होती, बरं का.

पोरीनं विचारलं, “तुला नाव मिळालं तर दुसऱ्यांची परत देशील?”

“देईन. मला जड झालीत ती.”

आता पोरीजवळ देण्यासारखं एकच नाव होतं. आईनं ठेवलेलं, मनातल्या मनात रोज घालून बघितलेलं. आज तर ते तिला मिळणारच होतं. प्रश्न तिनं आणला होता, पाळणा सजला होता. तिनं खाली बघितलं. मग विहिरीच्या वाटेकडं बघितलं. भाऊ तिथूनच घागर घेऊन येत होता, नुसता चालत, कुणाचाच नसल्यासारखा.

मग तिनं शेगडीतला एक निखारा चिमट्यानं उचलला. मातीच्या परळात राख घालून त्यात ठेवला. परळ पाळण्यात ठेवला. एक झोका दिला, आत्या देते तसा. आणि वाकून म्हणाली, “कुर्र! तुझं नाव उजळा.”

आग हसली. तुम्ही चुलीत कधी आग हसताना ऐकली आहे का? फुर्रर्र! तशी हसली. आणि शेगडीतून ठिणग्या उडाल्या. एकेक ठिणगी म्हणजे एकेक नाव. कुणाला भाजलं नाही. काजव्यासारख्या येऊन ज्याच्या त्याच्या कानावर बसल्या.

झाडूवाला ताठ उभा राहिला. पालखीवाल्यांनी पालखी मधेच खाली ठेवली. आणि घागर फुटल्याचा आवाज आला. झिपरू ओरडला, “अगं पोरी! तू इथं काय करतेस? आईला सांगून आलीस का?”

ती धावत जाऊन त्याला बिलगलीच.

लोखंडाचं कडं मेणासारखं वितळून गेलं. साखळ्या गळून पडल्या. राजानं एक टाळी वाजवली. कुणी आलं नाही. पुन्हा वाजवली. म्हणाला, “पण मला पाणी कोण देणार?”

म्हातारी म्हणाली, “विहीर तिकडं आहे, बाबा. घागर जपून उचल. पहिल्यांदा खांदा दुखतो.” मग काय, राजा गेला पाणी आणायला. निम्मं वाटेत सांडलं.

सगळ्यांनी मिळून घुगऱ्या खाल्ल्या. शेगडीत एक बारकी ठिणगी अजून उरली होती. उजळा म्हणाली, “हे नाव फार जुनं आहे. जिचं होतं ती माघारी गेली नाही, इथंच मेली. आता याला कुणी नाही.”

पोरगी म्हणाली, “मग मी घेऊ?”

ठिणगी येऊन तिच्या कानावर बसली. आवडाई. असं नाव होतं ते. पोरीनं ते मनातल्या मनात घालून बघितलं. थोडं सैल होतं. पण ऊबदार होतं.

मग आवडाई आणि झिपरू घरी गेले. नाव मिळालं तरी गावाची वाट विसरलेली म्हातारीही त्यांच्याबरोबर गेली. आईनं तिघांची दृष्ट काढली. खांद्यावरचे डाग काही गेले नाहीत. मग म्हातारीनं सुई घेतली आणि झिपरूच्या डागाभोवती टिपके गोंदले. डागाचं झालं सूर्यफूल. मग बाकीचेही गोंदून घ्यायला आले. ज्याला त्याला हवं ते फूल.

आणि उजळा? ती कुणाच्या दाव्याला नाही आता. बोलावलं तर चुलीत येते, भाकरी भाजते. दिवसभर दमली की आपण तिच्यावर राख ओढतो, तेव्हा नाव घेऊन सांगायचं, नीज हं उजळा.

आत्ताच सांगून आले मी तिला. उजळा निजली राखेखाली. तुम्ही निजा गोधडीखाली.