टिटवीचा उसना आवाज

तळ्याजवळच्या एका उघड्या माळावर एक तरुण टिटवी आपल्या आईसोबत राहत असे. मुलांनो, टिटवीचा आवाज तुम्ही ऐकलाच असेल. कानठळ्या बसतात! पण तो उठला, की तळ्यावरच्या साऱ्या टिटव्या धावून येतात आणि शत्रूला टोचून पळवून लावतात. या टिटवीला मात्र त्याच आवाजाची लाज वाटे. तिने मोबाइलवर एक अ‍ॅप घेतले. त्यात हळूच बोलले, तरी कोकिळेचे गाणे ऐकू जाई. फोटो कोकिळेचा, नाव ‘मंजुळा’! सारे रान तिच्यावर लट्टू झाले. ही मंजुळा कोण, हे तिने घरीही सांगितले नाही.

उन्हाळ्यात जमिनीवरची अंडी तापू नयेत म्हणून आई तळ्यात पोट भिजवून येई आणि ओल्या पिसांनी त्यांना गारवा देई. एका दुपारी निघताना ती म्हणाली, "बाळ, भावंडांकडे लक्ष ठेव. कुणी आलंच तर ओरड."

"हो गं आई!" म्हणत लेकीने मोबाइल उघडला आणि मंजुळा होऊन गायला बसली.

इतक्यात झुडपाआडून कोल्हा आला. टिटवीची पाचावर धारण बसली. तिने चोच उघडून ओरडायचे की नाही? पण ती सवयच मोडलेली! ती मोबाइलमध्येच कुजबुजली, "धावा! कोल्हा आमची अंडी खातोय!" अ‍ॅपने त्याची गोड तान केली. पडद्यावर बदामच बदाम! "वा, आज काय सूर लागलाय!" मोराने लिहिले. "पुन्हा एकदा!" सशाने लिहिले. अरे देवा! इकडे अंडी फुटत होती आणि तिकडे वाहवा चालली होती. अखेर मोबाइल फेकून टिटवी आपल्या आवाजात किंचाळली. टिटव्या धावल्या, कोल्हा पळाला. पण तोवर नुसती टरफले उरली होती.

आई ओल्या पोटाने धावत आली. "अगं, आधी का नाही ओरडलीस?"

"ओरडले गं आई... मोबाइलवर. ती मंजुळा मीच."

आई जागीच थिजली. पिसांतले पाणी टरफलांवर ठिबकत राहिले. "ती तू होतीस?" ती कशीबशी म्हणाली. "तळ्यावर मोबाइलमध्ये ऐकलं. मला वाटलं, कोकिळा गातेय. मीसुद्धा बदाम पाठवला गं."

तात्पर्य : कौतुकासाठी दुसऱ्याचे रूप घेतले, की संकटातली आपली हाक आपल्याच माणसांना ओळखू येत नाही.