बदामाच्या पानाखाली

गवत बोलायचं, तेव्हाची गोष्ट. बंगल्यापुढच्या हिरवळीत बुरशी शिरली. तिचे पिवळे डाग रोज वीतभर पुढे सरकत होते. एके सकाळी धोंडूमाळी पाठीवर औषधाचा पंप लावून आला आणि अख्खी हिरवळ चळाचळा कापू लागली. तुम्ही सुई बघून कापता ना, तश्शी!

"मला कुठाय डाग? मी नाही बाई तो कडू फवारा घेणार!" म्हणत एक टवटवीत हरळी गळलेल्या बदामाच्या पानाखाली दडली.

"अगं शहाणे, डाग पडायच्या आधीच घ्यायचा असतो तो!" शेजारीण ओरडली.

फवारा पानावरून घरंगळून गेला.

"वाचले गं बाई!" हरळी खुदकन हसली.

तेवढ्यात मागच्या ओल्या अंधारातून पांढरी बुरशी तिच्या कानाशी कुजबुजली, "हळू बोल गं. मीपण इथंच लपलेय."