काठोकाठांचा घुमट

त्या राज्यात सूर्य कधी उगवलाच नव्हता. जो काही उजेड होता तो दिव्यांचा, आणि म्हणून विझण्याइतकी मोठी गोष्ट तिथे दुसरी नव्हती. टेकडीवरच्या घुमटाच्या दारात मघापासून जे भांडण पेटलं होतं, ते यावरूनच होतं. आत पडलेला दिवा विझलाय की नुसता पेंगतोय?

"पेंगतोय तो, आजी," दार अडवून उभा असलेला तरणा दिवा पुन्हा म्हणाला. "पहिल्यांदा सगळेच पेंगतात. तुम्ही घरी जा."

"माझं घर तोच आहे," धुरपदा म्हणाली. "बाजूला हो."

धुरपदा म्हणजे पत्र्याची चिमणी. टेकडीखालच्या वळणावर ती एकटी जळत आली होती, वाऱ्याला शिव्या देत. शाळेत ती कधी गेली नव्हती. जळायचं कसं ते तिला वाऱ्यानंच शिकवलं होतं, आणि ते ती कुणी न विचारताही सांगत असे. आत पडलेला म्हाळू तिच्या धाकट्या भावाचा मुलगा. भाऊही तरणा असताना याच घुमटात बसायचा. एकदा तो थंडगार होऊन घरी आला. सोबत शाळेचा निरोप होता की वाऱ्यानं नेला. धुरपदानं त्याला उचलून घेतलं तेव्हा काठावरून तेल सांडून तिच्या अंगावर ओघळलं. वारा कधी तेल भरत नाही, असं ती तेव्हाच म्हणाली होती, पण ते ऐकून घ्यायला कुणी थांबलं नव्हतं. मग तिनं त्याचं पोर वाढवलं, थेंबाथेंबानं, आणि ते मातीचं पोर वाऱ्यात उभं राहायला शिकलं तेव्हा तिनंच त्याला टेकडीवर धाडलं. शिकल्याशिवाय दिव्याला दिवा म्हणत नाहीत, हे तिला आयुष्यभर ऐकवलं गेलं होतं.

टेकडीवर उजेडशाळा होती. गावोगावची कोवळी मातीची पोरं तिथे येत. अंगाला अजून भट्टीचा वास, घरची आठवण काढून ज्योत थरथरणारी. शाळेच्या आवारात वारा फार, आणि एकट्यानं वाऱ्यात उभं राहणं हाच तिथला अभ्यास. घुमटात मात्र वारा नव्हता, कारण घुमटाला खिडकीच नव्हती. आत जे बसत ते स्वतःला काठोकाठ म्हणवत. लांबून पाहिलं तर साऱ्या टेकडीवर तेवढा एक घुमट झगमगत असे, आणि गुरुजी पाहुण्यांना हात करून तो दाखवत. आत काय चालतं हे पाहायला ते कधी चढून गेले नाहीत. झगमगाट दिसत होता, तेवढं त्यांना पुरे होतं.

घुमटात घ्यायचं ते एका रीतीनं. नव्याला मध्ये उभं करायचं, भोवती सगळ्यांनी ताल धरायचा, आणि लांब तोटीच्या झारीनं एका दमात काठापर्यंत तेल ओतायचं. मध्येच जो 'पुरे' म्हणेल त्याला देवघरातलं निरांजन म्हणत. ते नाव एकदा चिकटलं की शाळा सुटेपर्यंत सुटत नसे. ज्याची वात तेलात बुडे त्याला मधोमध निजवायचं आणि सगळ्यांनी खेटून भोवती बसायचं. बहुतेक जण आपोआप उठत. जे उठत नसत, त्यांच्या घरी वाऱ्याचा निरोप जाई. दुसरी एक रीत होती. घुमटातलं घुमटाबाहेर न्यायचं नाही.

ती रीत आज मोडली होती केवडीनं. म्हाळूबरोबरच ती आत आली होती, अर्ध्यात 'पुरे' म्हणाली होती, आणि हसणं ऐकत भिंतीला टेकून बसली होती. म्हाळूला तिनं हाक मारली. त्यानं ओ दिली नाही. पुन्हा मारली. शेजारचे म्हणाले, झोपू दे की त्याला, निरांजनबाई. मग ती कुणाला न सांगता उतार उतरून वळणावर गेली होती. आता ती धुरपदाच्या मागे उभी होती, आणि तिची ज्योत ओशाळून खाली बसली होती.

"अगं, तुझी काय चूक झाली म्हणून मान खाली घालतेस?" धुरपदा तिला म्हणाली आणि दार अडवणाऱ्याला कोपरानं सारून आत शिरली.

आत ऊब होती, आणि गोडसर, शिळा वास. छताला काजळीचा जाड थर धरला होता, इतका जुना की तो लोंबत होता. दिवे गोलाकार बसले होते, आणि त्यांच्या वर, एका उंच पायरीवर, जुने काठोकाठ. शाळा संपून त्यांना युगं लोटली होती, पण घुमट सोडून ते कधी कुठे गेले नव्हते. त्यांच्या मधोमध दौलत होता. पितळेचा, घासून लखलखीत केलेला, काठापर्यंत भरलेला. सगळी पोरं त्याला दादा म्हणत. झारी त्याच्या हातात असे. नव्या वाती पेटवायची वेळ आली की मात्र तो दुसऱ्या कुणाला पुढे करी, आणि रस्त्यानं तो एकटा जाताना कधीच कुणाला दिसला नव्हता.

"या आजी, बसा," तो म्हणाला. त्याचा आवाज मऊ होता. "तुमची काळजी कळते मला. पण बघा, एवढी भावंडं त्याच्या उशाशी बसली आहेत. एकटं टाकलं नाही आम्ही त्याला. तुम्ही एकट्या येऊन आणखी काय करणार?"

"उशाशी बसलात. त्याची वात कुणी बघितली?"

कुणीतरी मागून म्हणालं, घासलेटवालीला तेलातलं काय कळतं. गोल हसला.

"घासलेटवाली तर घासलेटवाली," धुरपदा मागे न वळता म्हणाली. "थेंबाला महाग होते, म्हणून अजून जळतेय."

दौलत हसला नाही. त्यानं सगळ्यांना गप्प केलं आणि म्हाळूकडे बोट केलं. तुम्हीच बघा, म्हणाला, त्याच्यात उजेड आहे की नाही.

धुरपदानं वाकून पाहिलं, आणि खरोखर उजेड होता. म्हाळूच्या काठोकाठ तेलात उंच, सोनेरी, शांत ज्योत तेवत होती. घरी तो कधी असा जळला नव्हता. इतका देखणा तर त्याचा बापही कधी दिसला नव्हता. क्षणभर तिच्या छातीवरचा दगड उतरला. उगाच आले, पोराची शोभा केली, असं तिला वाटलंही. ती मागे फिरणार, तेवढ्यात तिला त्या तेलात आणखी ज्योती दिसल्या. एकीशेजारी एक, दाटीवाटीनं. आणि त्या गर्दीच्या कडेला एक बुटकी, वाकडी, धूर सोडणारी ज्योत होती. ती तिला ओळखता आली. उभ्या जन्मात दुसऱ्या कुणाची ती तशी नव्हती.

धुरपदा हलली. ती वाकडी ज्योतही हलली.

धुरपदा सावकाश सरळ झाली. शाळेत येणाऱ्या प्रत्येकाला वाऱ्यासाठी खापराची एक टोपी मिळते, हे तिला माहीत होतं. माथ्याला बारीक भोक असलेली. टोपी घातली की उजेड आत कोंडतो, ज्योत मरत नाही. तिनं गोलाकडे पाहिलं आणि सांगितलं की सगळ्यांनी आपापल्या टोप्या घालाव्यात. अंधारात म्हाळू असाच तेवत राहिला तर ती पाय धरून माफी मागेल आणि हा चढ पुन्हा चढणार नाही.

गोलात चुळबुळ झाली. घुमटात टोपी घालत नाहीत, कुणी म्हणालं. घुमटात कधी अंधार झालेला नाही, दुसरं म्हणालं. पायरीवरून दौलत म्हणाला की पोराची झोपमोड होईल. त्याचा आवाज अजून मऊच होता, फक्त जरा घाईचा. वेळ जात होता, आणि बुडालेल्या वातीला वेळ फार नसतो, हे धुरपदाला भावाच्या थंड अंगानं शिकवलं होतं.

पहिली टोपी घातली केवडीनं. तिच्या शेजाऱ्यानं तिच्याकडे पाहिलं, मग दौलतकडे, मग म्हाळूकडे, आणि आपली टोपी घातली. मग त्याच्या शेजाऱ्यानं. एकेक टोपी बसत गेली तसतसा म्हाळूच्या तेलातला उजेड एकेक घास कमी होत गेला. हे सगळ्यांना दिसत होतं. पायरीवरच्यांनीही टोप्या ओढल्या. सगळे घालताहेत म्हटल्यावर न घालून चालणार नव्हतं. शेवटी धुरपदानं स्वतःच्या ज्योतीवर पदर धरला.

घुमटात पहिल्यांदाच अंधार झाला.

म्हाळूत काहीच उरलं नव्हतं. सोनं नाही, ज्योत नाही, काळंभोर तेल. केवडीच्या तोंडून बारीक आवाज निघाला. धुरपदा मात्र हलली नाही. अंधाराची तिला सवय होती, तो डोळ्यांत मुरायला वेळ लागतो हे तिला ठाऊक होतं. मग तेलाच्या कडेला, जिथे वातीचं टोक काठाला जेमतेम चिकटलं होतं, तिथे एक तांबडा ठिपका दिसला. मोहरीएवढा. झगमगाटात तो साऱ्या जन्मात दिसला नसता.

"धर त्याला," ती केवडीला म्हणाली. दोघींनी मिळून म्हाळूला कुशीवर कलता केला. तेल भळाभळा फरशीवर आलं, गोलातल्यांच्या बुडांखाली गेलं, आणि ते मुकाट्यानं सरकले. धुरपदानं काडीनं वात वर ओढली, पिळली, आणि ज्या फुंकरीनं दिवे विझतात तीच फुंकर अगदी हलकी करून त्या ठिपक्यावर धरली. ठिपका लाल झाला. मग पुन्हा मंद. मग पुन्हा लाल. ज्योत अजून नव्हती. पण म्हाळूतून धुराची एक बारीक रेघ निघाली, आणि त्या धुरातून तो म्हणाला, "आत्या, पुरे."

"पुरे, माझ्या राजा, पुरे," धुरपदा म्हणाली आणि त्याला पोटाशी धरून भिंतीला टेकली.

तिथून तिला सारा घुमट दिसत होता. खालच्या गोलात, प्रत्येक टोपीच्या भोकात, सुईच्या अग्राएवढा एकेक उजेड होता. कुठे पिवळा, कुठे निळसर, काही भीतीनं लुकलुकणारे, पण होते. केवडीचा सगळ्यांत स्थिर होता. धुरपदाची नजर त्या ठिपक्यांवरून फिरत फिरत वर गेली. वरच्या पायरीवर अंधार सलग होता, एकाही टोपीच्या भोकात ठिपका नव्हता.

त्या सलग अंधारातून दौलतचा मऊ आवाज आला.

"झालं ना आजी समाधान? काही झालं नव्हतं पोराला. उगाच सगळ्यांना घाबरवलंत. चला रे, काढा आता टोप्या."

गोलात हालचाल झाली. हात टोप्यांकडे गेले.

"थांबा," धुरपदा म्हणाली. "कुणी काढू नका. दौलत, आधी तू तुझी काढ."