चिटकूच्या गोधडीत वारा

चिटकू होता उंदीर. एवढुस्सा! त्याची होती गोधडी. अर्धी लाल, अर्धी पिवळी, मधोमध शिवण.

एकदा काय झालं? शिवण उसवली. तट् तट् तट्! भोकातून वारा शिरला. फुर्रर्र! चिटकू कुडकुडला.

"गोधडी माझी! वारा कोण आत येणारा? शिवून घेणार म्हणजे घेणार!"

चिटकू निघाला. तुरुतुरु, तुरुतुरु.

दुरपामावशी गोधड्या शिवायची.

"मावशी, मावशी, गोधडी शिव."

मावशीने कच्चा टाका घातला. "पक्का नाही घालणार. शिवण चुरगळलीय बघ. इस्त्रीने तिचे काठ दोन्हीकडे उघडून दाबले, तर शिवीन."

तुरुतुरु, तुरुतुरु.

"इस्त्री, इस्त्री, शिवण दाब. मावशी शिवेना, माझी थंडी जाईना!"

"मी तर गारठले. कोळसा फुलला, तर दाबीन."

तुरुतुरु, तुरुतुरु.

"कोळशा, कोळशा, लाल हो. इस्त्री दाबेना, मावशी शिवेना, माझी थंडी जाईना!"

"मी तर काळा ठिक्कर. वाऱ्याने फुंकलं, तर फुलेन."

वारा? तोच तो! पण चिटकू घाबरतोय थोडाच?

तुरुतुरु, तुरुतुरु.

"वाऱ्या, वाऱ्या, फुंकर घाल. कोळसा फुलेना, इस्त्री दाबेना, मावशी शिवेना, माझी थंडी जाईना!"

वारा रुसला होता. "सगळे मला जा जा म्हणतात. कुणी ये म्हटलं, तर फुंकीन."

चिटकूने शेपटी ताठ केली. "ये रे वाऱ्या, ये! जोरात ये!"

वारा खूश! वाऱ्याने फुंकलं. फू फू! कोळसा फुलला. लालेलाल! इस्त्री तापली. शिवण दाबली. चर्रर्र! एक काठ लालवर निजला, एक काठ पिवळ्यावर.

मावशीने सुई घेतली. "आता सांग, कुठून शिवू? शिवणीच्या मधून, की कडेने?"

चिटकूने शिवणीला नाक लावलं. मधे कापड नाहीच! नुसता दोरा.

"म्हणून उसवली होय! मावशी, कडेने. या कडेने जा, त्या कडेने ये."

"शहाणं गं बाई माझं पिल्लू!"

सुई निघाली. टुचुक टुचुक, टुचुक टुचुक. या कडेने गेली, त्या कडेने आली.

चिटकू गोधडीत शिरला. ऊब ऊब!

वारा आला. फुर्रर्र! इकडे शोधलं, तिकडे शोधलं. भोक कुठाय?

"अरेच्चा! फुंकलं मी, आणि बाहेरही मीच?"

चिटकूने नाक बाहेर काढलं. "गोधडीत नाही हं! अंगणात ये. मी खेळायला येतो."

गोष्टीला मारली गाठ,
पिल्लं झोपली पाठोपाठ.