पोशाच्या सात जागा

फार वर्षं झाली म्हणतात. खाडीचं पाणी भातात शिरू नये म्हणून या गावानं मातीचा लांब बांध घातला होता, आणि पोशा त्याची राखण करायचा. बांधाखालून जुने ओहोळ गेलेले, म्हणून सात जागा आतून पोकळ. वरून काही दिसायचं नाही. पोशाच्या तळपायाला तेवढं कळायचं. उधाणाआधी तो त्या जागा माती-पेंढ्यानं भरायचा, एकटाच.

या जागा बापानं मरताना मुलाच्या कानात सांगायच्या, अशी रीत. पोशाला मुलगा नव्हता. मुलगी होती, चांगुणा. ती म्हणायची, "बा, मना दाखव."

"पोरींचा काम नाय," पोशा म्हणायचा.

मला हे सांगतानाही राग येतो. अख्ख्या गावाचं पोट एका माणसाच्या तळव्यात कोंडून ठेवायचं म्हणजे काय? पण त्यालाही चैन नव्हतं. भरल्या ताटावरून उठायचा, बांधावर जाऊन यायचा, बसायचा, पुन्हा उठायचा.

मग श्रावणातल्या अमावस्येच्या सकाळी तो अंगणात कोसळला. वाचा गेली, एक अंग लुळं पडलं. उधाण दुपारी यायचं होतं. सगळं गाव दारात. "पोशादादा, जागा कंच्या?" पोशा नुसता रडत राहिला.

चांगुणानं त्याला बाजेवर घातलं, चौघांनी बाज उचलली आणि ती अनवाणी पुढे निघाली. असं म्हणतात, पोकळ जागा आली की पोशाचा लुळा पाय बाजेवर दणकन आपटायचा. सहादा आपटला, सहा जागा भरल्या. मग आपटेना. वळून बघतात तर पोशा गेला होता. पाणी बांधाच्या काठाला लागलेलं. चांगुणा तशीच चालत राहिली, आणि एका ठिकाणी थांबली.

"हितं," ती म्हणाली.

असं म्हणतात, ती जागा भरून होईपर्यंत खाडी काठाशी खोळंबून राहिली.

पोशाच्या बाराव्याला तिनं झाडून सगळ्यांना बांधावर नेलं, सातही जागांवरून अनवाणी चालवलं. म्हणाली, "आता माझे एकलीचे पायान नको."

अजूनही श्रावणी अमावस्येच्या आदल्या दिवशी गाव बांधावर उतरतं. नवी सून, घरजावई, यंदाच बदलून आलेले मास्तर अनवाणी पुढे चालतात. जाणती माणसं मागे, तोंड मिटून. त्यांच्या खांद्यावर रिकामी बाज असते. पुढचा माणूस न ओळखता जागा ओलांडून गेला, की बाजेवर दणका मारतात.

सातव्या जागी मात्र कुणी दणका मारत नाही. पुढच्यानं ती ओळखली नाही, तर सगळं गाव मागे फिरतं आणि पहिल्या जागेपासून पुन्हा चालू लागतं.