अकरा अंड्यांची ऊब

फार पूर्वी, पाखरं आपली कामं एकमेकांवर ढकलायला नुकतीच शिकली होती तेव्हाची गोष्ट. चंद्री नावाची कोंबडी कुंपणाशी अकरा अंडी उबवत बसली होती. शेजारच्या बदकिणीला अंड्यांवर बसायचा भारी कंटाळा. ती म्हणाली, "चंद्राक्का, तुझ्यासारखी ऊब साऱ्या गावात नाही. माझी सहा घे ना पंखाखाली."

चंद्री स्तुतीनं फुगली आणि अंडी घेऊन आणखी फुगून बसली. पण पंख काही वाढले नाहीत. सहा अंडी बाहेरच राहायची. ती घटकेघटकेला बाहेरची आत ओढायची, की आतली बाहेर जायची. दुपारपर्यंत सतराही अंडी कोमट झाली.

एवढ्यात एक मुंगूस आलं आणि नम्रपणे म्हणालं, "ताई, बाहेरची सहा मी सांभाळू का? कुणाची आहेत?"

"आत्ता बदकिणीची. घटकाभरानं माझी असतील," चंद्री म्हणाली आणि बोलताबोलताच दचकली. तिनं मुंगसाला चोचीनं टोचून पिटाळलं आणि तळ्याकडे तोंड करून हाक दिली, "अगं बदकिणी, तुझ्या अंड्यांकडे पाहुणा येऊन गेला. मुंगूस होतं. मी अकरांनाच पुरते."

बदकीण ओल्या पायांनी धावत आली. आपली सहा अंडी घेऊन शेजारीच बसली आणि कुरकुरली, "आज माझं पोहायचं राहिलं."

"मी आठ दिवसांत पोटभर दाणे टिपले नाहीत," चंद्री म्हणाली. "अंडी अशीच गरम होतात, बाई."